सामाजिक समस्या आणि सामाजिक बदल: पहिल्या वर्षाचे विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न

बी.ए. प्रथम वर्षाला समाजशास्त्र घेतलेल्या मुलामुलींसाठी हे पान आहे. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हा विषय शिकवते, त्यामुळे उदाहरणं बहुतेक इथलीच येतील, आणि त्यातही ऊसतोडीची जास्त. वर्गातली निम्मी मुलं त्या घरांतून येतात. तुमचा जिल्हा वेगळा असेल तर उसाच्या जागी मासेमारी, वीटभट्टी, कापूस, गिरणी, जे तुमच्या आजूबाजूला आहे ते ठेवून वाचा.

हे सगळं पेपरात रोज येतं. मग कॉलेजात वेगळं काय शिकायचं?

पेपरात घटना येते. पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न रोखलं, एवढं वाचून आपण तिच्या आईबापांना चार शब्द सुनावतो आणि पान उलटतो. या विषयात पान उलटायचं नसतं. त्या तालुक्यात अशी लग्नं किती होतात? कोणत्या महिन्यांत होतात? कोणत्या घरांत होतात आणि शेजारच्याच कोणत्या घरांत होत नाहीत? मुलीची शाळा कधी सुटली? गावात सातवीपर्यंतच वर्ग असतील, पुढची शाळा सहा किलोमीटरवर असेल आणि संध्याकाळची एसटी बंद झालेली असेल, तर त्या एसटीचा आणि त्या लग्नाचा संबंध लागतो का? असे प्रश्न सुचायला लागले की विषय सुरू झाला म्हणायचं.

माझी अडचण आणि सामाजिक समस्या यांत फरक कसा करायचा?

सी. राइट मिल्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये हा फरक फार सोप्या रीतीने मांडला. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचं कसब बघा, त्याचा स्वभाव बघा, त्याला कोणती कामं मिळू शकतात ते बघा. पण पाच कोटी काम करणाऱ्यांच्या देशात दीड कोटी लोक बेकार असतील, तर एकेकाचा स्वभाव तपासून काहीही हाती लागणार नाही. तिथं कामाची सगळी रचनाच तपासायला हवी.

आता आपल्याकडे या. दरवर्षी दिवाळी झाली की गावाच्या पारापाशी ट्रॅक्टर लागतात. ट्रॉलीत पाण्याचा ड्रम, पत्र्याची पेटी, गोधड्या, कोंबड्यांची पाटी, दोन कोयते. वर बायामाणसं आणि लहान लेकरं. मागं राहते म्हातारी आणि शाळेतलं एखादं पोर. एका घरानं उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ रक्कम, घेतली आणि ती फिटली नाही, तर लोक म्हणतात, त्यानं पैसा उडवला असेल. पण गल्लीतल्या बारा घरांपैकी नऊ घरांची उचल फिटत नसेल आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, म्हणजे मजुरांची टोळी जमवून नेणाऱ्या ठेकेदाराकडे, पुन्हा अंगठा द्यावा लागत असेल, तर नऊच्या नऊ माणसं उधळी आहेत असं म्हणता येत नाही. मग उचल किती, टनाला दर किती, वजन कोण करतो, खाडा, म्हणजे चुकलेल्या दिवसाचे पैसे, किती कापतात, हे विचारावं लागतं.

'कोयता' या शब्दाचाच अर्थ बघा. वर्गात मी दरवर्षी विचारते, एक कोयता म्हणजे काय? तालुक्याच्या गावातली मुलं म्हणतात, ऊस तोडायचं हत्यार. तांड्यावरची, वाडीवरची मुलं म्हणतात, नवरा-बायको. दोघं मिळून एक कोयता, उचल दोघांची मिळून. नवरा तोडतो, बायको पाचट सोलून मोळी बांधते आणि डोक्यावर वाहून गाडीपर्यंत नेते. एकट्या माणसाला, म्हणजे अर्ध्या कोयत्याला, उचलही निम्मीच. एका मुलीनं मागच्या बाकावरून सांगितलं होतं, "मॅडम, दादाचं लग्न घाईनं केलं, कारण जोडी लागत होती." तोपर्यंत अर्धा वर्ग बालविवाहाकडे अज्ञान म्हणूनच बघत होता. त्या एका वाक्यानं त्यातला मजुरीचा हिशोब सगळ्यांना दिसला.

पण आपल्याच भागातले लोक तोडीला का जातात?

या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर देणारा माणूस बहुतेक अर्धंच सांगतो. मीही इथं थोडी जागा घेणार आहे.

पहिलं कारण जमीन आणि पाऊस. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली जमीन हलकी, मुरमाड. पाऊस पर्जन्यछायेतला, कमी आणि बेभरवशाचा. खरिपाचं पीक निघालं की पुढं शेतात काम नाही. पण कमी पाऊस काही फक्त बीडला पडत नाही. अहिल्यानगर जिल्ह्याचा बराच भागही तसाच आहे, आणि त्याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीनं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाटाचं पाणी जिथं पोचलं तिथं ऊस आला. उसामागं कारखाना, बँक, दूधसंघ, कॉलेज. जिथं पाणी पोचलं नाही तिथून माणसं गेली, त्याच उसाच्या फडात. म्हणजे सहकाराची भरभराट आणि आपलं स्थलांतर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकीचा इतिहास लिहिताना दुसरी गाळली तर तो अपुरा राहतो.

दुसरं कारण उसातच आहे. तोडल्यावर ऊस लवकर गाळला नाही तर वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. म्हणून हंगामात कारखाना चोवीस तास चालतो आणि गाडी रात्री दोनला आली तरी टोळीला उठून भरावी लागते. शिवाय हे काम वर्षातले पाच-सहा महिनेच असतं. अशा कामाला जवळच्या गावातला, संध्याकाळी घरी जाणारा मजूर मालकाच्या सोयीचा नसतो. फडाच्या कडेला कोपीत राहणारा, आधीच उचल घेऊन बांधला गेलेला, परगावचा मजूर सोयीचा असतो.

तिसरं, १९७२ च्या दुष्काळासारखे तडाखे. एकदा वाट पडली की ती मुरते. मुकादम गावातलाच असतो, नात्यातला असतो, बापानं त्याच्याकडूनच उचल घेतलेली असते.

आणि चौथं, जमिनीची वाटणी, जी जातीनुसार झालेली दिसते. भूमिहीन दलित, बंजारा, वंजारी आणि अल्पभूधारक मराठा कुटुंबंही तोडीला आहेत. पण कोणाकडे किती जमीन उरली आहे आणि कोण परत येऊन काय करू शकतो, यात फरक आहे. तो तुमच्या गावात मोजून बघा.

एखादी गोष्ट 'समस्या' आहे हे ठरवतं कोण?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. कारण त्रास असणं वेगळं, आणि त्या त्रासाला समाजानं समस्या म्हणणं वेगळं.

आपल्या जिल्ह्यातल्या तोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जात आहेत ही गोष्ट २०१९ मध्ये देशभर गाजली. वर्तमानपत्रांत आली, विधिमंडळात चर्चा झाली, समिती नेमली गेली. जिल्ह्यात सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. आता विचार करा, २०१८ मध्ये या बायका नव्हत्या का? होत्या. त्यांच्या सुनांना माहीत होतं, जावांना माहीत होतं. "पिशवी काढली" हा शब्दप्रयोग आमच्याकडे कित्येक वर्षं चालू आहे. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं म्हणून दवाखाना गाठला की, पिशवी काढून टाका, कटकट संपेल, असा सल्ला. हा त्रास बायकांच्या बोलण्यात होता, सरकारी कागदात नव्हता.

म्हणून कोणतीही समस्या अभ्यासताना तिचा जन्मदाखला शोधा. आधी कोण बोललं, कोणी ऐकलं, कोणी उडवून लावलं, कागदावर कधी आलं. आणि त्याच्या पुढचा प्रश्न: आज कोणता त्रास अजून कागदावर आलेला नाही?

सिद्धांत पाठच करावे लागतात का? दुर्खीम, मार्क्स वगैरे?

पाठ करू नका, वापरा. मुकादमालाच समोर बसवा आणि प्रत्येकाच्या नजरेनं बघा.

कार्यवादी दृष्टीनं बघणारा विचारेल, मुकादम नसता तर काय अडलं असतं? कारखान्याला दूरच्या गावातला मजूर माहीत नाही, मजुराला कारखाना माहीत नाही. मुकादम दोघांना जोडतो. अडीअडचणीला, लग्नाला, दवाखान्याला पैसाही तोच देतो. हे खरं आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय मजूर पुन्हा पुन्हा त्याच्याकडे का जातात ते कळत नाही.

मार्क्सच्या वाटेनं जाणारा विचारेल, ऊस, कारखाना, ट्रॅक्टर कोणाच्या मालकीचे? मजुराकडे विकायला श्रमाखेरीज काही नाही, आणि उचलीमुळे ते श्रम हंगाम सुरू होण्याआधीच विकले गेलेले असतात. भाव करायची वेळ येते तेव्हा त्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं.

माणसामाणसांतल्या रोजच्या व्यवहारावर लक्ष ठेवणारा अभ्यासक बघेल की मजूर मुकादमाला 'मालक' म्हणतो की 'दाजी'. नात्याचा शब्द वापरला की कर्जाचा व्यवहार उपकारासारखा वाटायला लागतो, मग हिशोब मागायची लाज वाटते.

स्त्रीवादी अभ्यासक विचारेल, उचल कोणाच्या हातात पडली? बायकोनं निम्मं काम केलं, तिचे पैसे तिच्या हातात आले का? पहाटे चारला उठून भाकरी केल्या, पाणी आणलं, लेकरू पाजलं, ते कोणत्या हिशोबात धरलं?

माझं मत विचाराल तर शेवटचे दोन प्रश्न आपल्या पाठ्यपुस्तकांत फार कमी जागा घेतात. तुम्ही मात्र त्यांना जास्त जागा द्या.

आकडे आले की भीती वाटते. ते कसे वाचायचे?

आकड्याला तीन प्रश्न विचारा: कशाचा, कधीचा, कोणाला वगळून?

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. महाराष्ट्राचा आकडा तेव्हा ८९४ होता आणि २००१ मध्ये ९१३. हा आकडा सगळ्या वयाच्या बायकांचा नाही, फक्त लहान मुलींचा आहे. हे न बघता दोन वेगळ्या आकड्यांची तुलना करणारे निबंध मी दरवर्षी तपासते.

दुसरं उदाहरण. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. देशाचा आकडा २३.३ टक्के. वरवर बघता आपण देशाच्या थोडे पुढे. पण राज्याची सरासरी म्हणजे मुंबई, पुणे, सिंधुदुर्ग आणि मराठवाडा एकाच पातेल्यात ढवळणं. त्यात आपला तालुका दिसत नाही. शिवाय हा आकडा त्या वर्षी झालेल्या लग्नांचा नाही. आज बावीस वर्षांची असलेली बाई पाच-सात वर्षांपूर्वी बोहल्यावर चढली, तेव्हाची ती गोष्ट आहे.

शेतकरी आत्महत्येवर प्रकल्प करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

आधी हे की, पहिल्या वर्षाच्या मुलांनी अशा घरी जाऊन मुलाखती घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. एका मुलानं विचारलं होतं, फक्त पाच प्रश्न आहेत मॅडम, काय हरकत आहे? हरकत अशी की तुम्ही पाच प्रश्न विचारून निघून याल आणि ती माउली रात्रभर जागी राहील.

वाचून पुष्कळ करता येतं. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १८९७ मध्ये आत्महत्येचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यात खासगी वाटणाऱ्या गोष्टीचं प्रमाणही समाजानुसार, धर्मानुसार, विवाहित-अविवाहित असण्यानुसार बदलतं आणि वर्षानुवर्षं बऱ्यापैकी स्थिर राहतं, हे त्यानं दाखवलं. म्हणजे माणूस समाजाशी किती बांधला गेला आहे याचा त्याच्याशी संबंध आहे.

आता ते आपल्याकडे लावताना एक शब्द पकडा: 'पात्र'. सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे समिती ठरवते. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचं, थकलं होतं का, हे बघितलं जातं. मग दुसऱ्याची जमीन बटाईनं करणारा, सावकाराकडून तोंडी कर्ज घेतलेला, किंवा आयुष्यभर रानात राबलेली पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई कुठं बसते? पात्रतेचे निकष आणि ते कोणाला बाहेर ठेवतात, एवढ्यावरच चांगला प्रकल्प होतो, आणि तो करताना कोणाच्या जखमेला हात लागत नाही.

बदल म्हणजे सुधारणाच ना?

नाही. बदल म्हणजे फक्त आधीपेक्षा वेगळं होणं. ते चांगलं की वाईट, आणि कोणासाठी, हे नंतर बघायचं.

सोनोग्राफीचं यंत्र आलं तो बदलच होता. बाळंतपणं सुरक्षित झाली, आणि त्याच यंत्रानं मुली जन्माआधीच ओळखून संपवल्या गेल्या. महाराष्ट्रानं त्याविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, आणि तरीही वर सांगितलेला ८०७ हा आकडा २०११ चा आहे. विल्यम ऑगबर्न या अभ्यासकानं १९२२ मध्ये 'सांस्कृतिक पश्चायन' ही कल्पना मांडली: वस्तू आणि यंत्रं झपाट्यानं बदलतात, रीती आणि मनं मागं राहतात. उत्तरात ही कल्पना लिहा, पण तिथं थांबू नका. मुलगा हवा ही ओढ नुसती जुनी म्हणून टिकलेली नाही. जमीन मुलाच्या नावावर होते, हुंडा मुलीमागं जातो, म्हातारपण मुलाकडे काढायचं असतं. ही आजची कारणं आहेत.

आता ऊसतोडणी यंत्रं येत आहेत. कोयता सुटला तर चांगलंच, असं तोंडातून सहज निघून जातं. माझ्याही निघून जातं. पण पंधरा गुंठे मुरमाड जमिनीवर सहा माणसं बसली आहेत, त्या घराला उचलीऐवजी काय मिळणार, याचा विचार यंत्राबरोबर आलेला मला दिसत नाही.

कायदा केला की समाज बदलतो का?

कायद्यानं दार उघडतं. पलीकडे पाऊल कोणाला तरी टाकावं लागतं, आणि टाकणाऱ्याला मार बसतो.

महाडच्या चवदार तळ्याचं उदाहरण तारखांसकट लक्षात ठेवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी पाण्याला कोणी हात लावू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर लोकांवर हल्ला झाला, तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. ठरावापासून चौदा वर्षं, एका तळ्यासाठी.

दुसरी साखळी विधवांची. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, कारण कायदा होऊनही विधवेच्या पोटातलं मूल लपवावंच लागत होतं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तर त्यांना मुरूडला वाळीत टाकलं गेलं. आणि मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. कायद्याला १६६ वर्षं झाली होती! दुसऱ्या लग्नाची परवानगी कागदावर आली होती, कपाळावरच्या कुंकवाची आली नव्हती. परवानगी देणारं सरकार होतं, आणि कुंकू पुसणारे तर घरातलेच, शेजारचेच हात होते.

म्हणून कायद्याबद्दल लिहिताना एवढं तरी बघा: तो मोडला तर तक्रार कोण करणार, आणि तक्रार करणाऱ्याला त्याच गावात राहायचं आहे का?

वर्गात जातीचा विषय निघाला की वातावरण तापतं. टाळता येणार नाही का?

नाही येणार. "जात आता कुठं राहिली" असं म्हणणारा आणि "सगळं जातीवरच चालतं" म्हणणारा, दोघंही शेजारी बसतात, आणि दोघांनाही आपापल्या घरचा अनुभव खरा वाटतो. मी वादाऐवजी मोजायला सांगते. गावाचा नकाशा काढा. पाण्याची टाकी, मंदिर, शाळा, प्रत्येक वस्ती, प्रत्येक स्मशानभूमी. कोणत्या स्मशानभूमीला शेड आहे, कोणत्या वस्तीपर्यंत सिमेंटचा रस्ता येतो ते लिहा. आपल्या भावकीतली गेल्या दहा वर्षांतली लग्नं मोजा, किती जातीबाहेर झाली. नकाशे भिंतीवर लावले की आवाज आपोआप खाली येतात. कोणाला जात विचारायची नाही, कोणावर घरचं सांगायची सक्ती करायची नाही, आणि आडनावावरून टोमणा मारला तर तास तिथंच थांबतो.

प्रकल्पासाठी सर्वेक्षण करताना काय सांभाळायचं?

तुम्ही विद्यार्थी आहात, अधिकारी नाही, हे आधी सांगा. सरकारी योजनेसाठी आलात असं कोणाला वाटू देऊ नका. अशा आशेवर मिळालेली माहिती खोटी तर असतेच, आणि ती फसवणूकही आहे. नाव लिहू नका, फोटो काढू नका, नको म्हटलं तर उठा.

प्रश्न असा विचारा की माणसाला खरं सांगता येईल. "तुमच्याकडे हुंडा घेतात का?" याला सगळे नाही म्हणतात. "लग्नात मुलीकडून काय काय आलं?" म्हटलं की बाई कपाट, गाडी, अंगठी, मानपान, सगळं मोजून सांगते. "नवरा मारतो का?" हा तुम्ही विचारायचा प्रश्नच नाही. बायकांशी बोलायला मुलींनी जोडीनं जावं, आणि सासूसमोर सुनेचं उत्तर घेऊ नये. वीस घरं नीट केली तरी पुरे, शंभरचा आकडा गाठायला ओट्यावर बसून फॉर्म भरू नका. तसे फॉर्म वाचताक्षणी कळतात, कारण त्यांत कोणीच अडखळलेलं नसतं.

मराठीतून लिहिलं तर गुण कमी पडतात का?

नाही. संज्ञा नीट वापरा: अभिसरण, स्तरीकरण, सामाजीकरण, विचलन. पण त्यांच्यामागं दडू नका. संज्ञा लिहिली की लगेच पुढच्या वाक्यात गावातलं उदाहरण.

हा विषय घेऊन नोकरी मिळते का?

नुसत्या पदवीवर नाही, हे खरं सांगायला हवं. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण, बी.एड., संशोधन संस्थांतली पाहणीची कामं, पत्रकारिता या वाटा आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत समाजशास्त्र ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो.

हे सगळं वाचून उदास वाटतं. काही बदलतं तरी का?

वाटतं, आणि वाटलं नाही तर मला काळजी वाटेल. पण १९७२ बघा. सलग पाऊस पडला नाही, लाखो माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तुमच्या आज्यांना विचारा, त्या खडीवर गेल्या असतील, सुकडी खाल्ली असेल. त्या काळात मोर्चे निघाले, घेराव झाले, विधिमंडळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्यासारख्या माणसांनी पाठपुरावा केला, आणि मागेल त्याला काम हा विचार रोजगार हमीच्या रूपानं उभा राहिला. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. राज्य सरकारनं कामाची कायदेशीर हमी दिली, त्यासाठी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. म्हणजे शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुरासाठी पैसा भरायचा. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा पंचवीसेक वर्षांचा अनुभव समोर होता. त्या योजनेत भ्रष्टाचार झाला, मजुरी थकली, हजेरीपटावर खोटी नावं लागली, हेही खरं. दोन्ही लिहा. पण खडी फोडणाऱ्या बायकांच्या आवाजावर कायदा उभा राहू शकतो, हे आपल्याच राज्यात घडून गेलं आहे.

मॅडम, दिवाळीनंतर मी घरच्यांबरोबर तोडीला जाणार आहे. विषय सोडावा लागेल का?

सोडू नका. जाण्याआधी मला भेटा किंवा विभागात मोबाइल नंबर देऊन ठेवा, म्हणजे परीक्षा फॉर्मची तारीख, अंतर्गत चाचणीची तारीख कळवता येईल. फॉर्म कोणाला तरी भरायला सांगून जा, दरवर्षी दोन-तीन मुलांचं वर्ष एवढ्याशा गोष्टीनं बुडतं. धाकट्या भावंडांची शाळा बुडत असेल तर गावच्या शाळेत हंगामी वसतिगृहाबद्दल विचारा, ती सोय आहे.

आणि एक वही सोबत न्या. रोज चार ओळी लिहा. आज किती वाजता उठलो, किती वाजता फडात पोचलो. किती मोळ्या झाल्या, गाडीचं वजन किती सांगितलं, ते कोणी सांगितलं. आईनं दिवसभरात काय काय केलं. पाणी कुठून आणलं. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, कितीला विकले आणि ते पैसे कोणी ठेवले. कोणी आजारी पडलं तर खाडा किती लागला. मत लिहू नका, जे झालं ते लिहा, तारीख टाकून. दोन वर्षांपूर्वी एका मुलानं अशी वही आणून दिली, कोपऱ्यांना उसाच्या रसाचे चिकट डाग होते, मधली आठ पानं कोरी होती. विचारलं तर म्हणाला, तेव्हा थंडीतापानं पडलो होतो. मी त्याला सांगितलं, त्या कोऱ्या पानांवर तारखा टाक आणि त्या दिवसांचा खाडा किती कापला ते लिही. एप्रिलमध्ये परत आलात की प्रकल्प म्हणून तीच वही जमा करा, वेगळं काही लिहायची गरज नाही.